पुढचं डावं चाक

अण्णा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या दारात उभा होता. एक हात गालावर, आणि चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. दोन-तीन दिवस खालचा जबडा ठणकतोय म्हणून तो दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. "सुमे, दाढ ठणठणीत हाये म्हणे! दुखणं दुसरीकडून येत असंल, उद्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं म्हनले." मी म्हटलं, "उद्या कशाला, आत्ताच जाऊ." तर म्हणाला, "ते उद्या म्हनले ना? मग तू कशाला डॉक्टर होती? चहा टाक." चहा पिऊन, बशी पालथी घालून तो समोरच्या आपल्या घरी गेला. सकाळी त्याचा मुलगा महेश अनवाणी पळत आला तेव्हा मी नळावर होते. दुखणं जबड्याचं नव्हतंच, हृदयाचं होतं, हे आम्हाला नंतर नीट समजावून सांगण्यात आलं. नंतर समजून काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

माझा हा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. स्वतःचा, सहा चाकी. सटाण्याहून, चांदवडहून कांदा भरायचा आणि मुंबईला उतरवायचा. नव्वदच्या सुरुवातीला माझं लग्न होऊन मी पंचवटीत त्याच्याच गल्लीत आले, आणि पहिल्याच महिन्यात माझी कपडे धुवायची नवी मोगरी नाहीशी झाली. सासूबाईंनी सगळी मोरी पालथी घातली. शेवटी सापडली ती अण्णाच्या सीटखाली. लोखंडी पान्यानं रबराला जखम होते, लाकूड बरं, असं त्याचं म्हणणं. गाडी काढण्याआधी तो भोवती एक फेरी मारायचा आणि प्रत्येक चाकावर मोगरी हाणायचा. मागं जोडचाकं असतात, त्यातलं आतलं चाक डोळ्यांना धड दिसत नाही, तिथं तो अर्धा आत वाकून, कान लावून मारायचा. मग चाकाला हात लावून तोच हात कपाळाला. मारायचं आणि लगेच पाया पडायचं, असा हा कारभार! सटाण्याला एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं होतं, "टायरले काब्र मारी ऱ्हायना, भाऊ? त्यानी काय करं?" अण्णा म्हणाला, "काय केलं नाय बाबा, काय करू नये म्हनून मारतो."

मी त्याला विचारायची, तुला यातून कळतं तरी काय? तो म्हणायचा, "भरलेलं चाक मोगरी परत फेकतं. हवा कमी असली का मोगरी धरून ठेवतं. आवाज बी बसका येतो." मी मारून बघितलं तर मला काहीच कळेना. "सांगून नाय येत ते," म्हणाला, "लय वेळा मारावं लागतं. तुझ्या नवऱ्यावर सराव कर." माझी मोगरी काही परत आली नाही. पुढं घरात धुण्याचं मशीन आलं, तेव्हा म्हणतो कसा, "आता तर तुझा हक्कच संपला."

महेश शिकला, अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि एके दिवशी मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनातून बापासाठी हवा मोजणारे सेन्सर घेऊन आला. चाकात हवा भरायच्या नळीवर जी टोपी असते, तिच्या जागी हा सेन्सर फिरवून बसवायचा. केबिनमध्ये एक डबी, डबीवर सहा चाकांचं चित्र. ज्या चाकाची हवा उतरेल त्याच्या चित्रावर लाल दिवा लागणार आणि डबी टुंई टुंई करणार. अण्णानं आधी चिक्कार नावं ठेवली. मग पोराची हौस म्हणून बसवून घेतले, आणि मग तर येणाऱ्याजाणाऱ्याला केबिनमध्ये चढवून डबी दाखवायला लागला. मोगरी घरी कपाटावर गेली.

त्यानंतर लवकरच, टायर सारखे झिजावेत म्हणून, त्यानं आडगाव नाक्यावर चाकं फिरवून घेतली. पुढची मागं, मागची पुढं. टायरचं काम करणारे चाचा जुने, इमानदार. त्यांनी प्रत्येक चाकाचा सेन्सर जपून त्याच चाकावर ठेवला, एकही हरवू दिला नाही. अण्णानंही शाबासकी दिली. दोघांच्याही ध्यानात आलं नाही, की चाक मागं गेलं तरी डबीला ते पुढचंच वाटणार आहे.

दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या लग्नाला मी त्याच्याच गाडीतून निघाले. पिंपळगावच्या पुढं डबी ओरडायला लागली. लाल दिवा पुढच्या डाव्या चाकावर. अण्णा उतरला, चाक दाबलं, लाथ मारली, चाक एकदम टणक. पुढं पंपावर हवा मोजली, बरोबर. तरी डबी गप्प बसेना. "सुमे, चाक ठणठणीत हाये, ही बया उगा बोंबलती." त्यानं डबीवर आपला गमछा टाकला, मी वरून दोन्ही हात दाबून धरले... चांदवड जवळ आलं आणि रबर जळाल्याचा वास आला. मागचं आतलं चाक धुमसत होतं. थोडा उशीर झाला असता तर गाडी पेटलीच असती. माती टाकून, थांबून, एकदाचं ते निभावलं.

रस्त्याच्या कडेला बसून त्यानं महेशला फोन लावला. महेशनं एवढंच विचारलं, "अण्णा, चाकं फिरवली तेव्हा सेन्सर चाकांबरोबरच जाऊ दिले का?" फोन ठेवून अण्णानं केबिनमध्ये चढून डबीवरचा गमछा काढला. मग म्हणाला, "खोटं नव्हती बोलत गं ती. कुठंतरी कमी हाये हे तर सांगतच होती..." त्यानंतर चाकं फिरवताना तो स्वतः सगळे सेन्सर काढायचा, गमछ्यावर गाडीसारखेच मांडायचा, पुढचे पुढं, मागचे मागं, आणि ज्या जागेचा त्या जागेवर बसवायचा. मोगरीही कपाटावरून खाली आली ती कायमची.

एवढं सगळं ज्याला ठाऊक होतं, त्या माणसाचा जबडा ओरडत राहिला आणि आम्ही दाढ तपासली. लवंग मी दिली, गरम मिठाचं पाणी वहिनीनं दिलं. दाढ खरोखरच चांगली होती. कुणाला दोष द्यावा असं शोधते, म्हणजे निदान भांडता तरी येईल. पण कुणीच सापडत नाही, आणि याचाच मला फार राग येतो.

आता महिना होऊन गेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. महेशला ती चालवता येत नाही आणि वहिनीला ती विकलेली बघवणार नाही. परवा महेशनं इंजिनाला जाग असावी म्हणून चावी फिरवली आणि डबी ओरडायला लागली. उभ्या गाडीची हवा उतरतेच. दिवा मागच्या आतल्या चाकावर होता. महेश म्हणाला, "आत्या, अण्णांनी चाकं शेवटची कधी फिरवली, सेन्सर परत ज्या त्या जागेवर लावले होते का, मला काहीच माहीत नाही. हे खरंच तेच चाक आहे का?" मी सीटखाली हात घातला तर मोगरी तिथंच होती, मुठीकडं काळी पडलेली. मी पदर खोचला आणि फेरी मारली. पुढच्या चाकांवर मारली, मागच्या बाहेरच्यांवर मारली, वाकून आतल्यांवरही मारली. पुन्हा पहिल्यापासून मारली. महेश विचारत होता, "कोणतं, आत्या?" मी कान लावून उभी होते.

मला सगळी सारखीच वाटली.