प्रेमाकाकीचं स्टूल

प्रेमाकाकीचा झिजलेला खुबा काढून धातूचा बसवला ते साल शहाऐंशी. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी गणपतीच्या तोंडावर. आम्ही कोकणातली माणसं. गावच्या घरी गणपती बसला की घाटकोपरच्या आमच्या चाळीत दारादाराला कुलूप. काकी विधवा, मूलबाळ नाही. मी तिच्या दिराचा मुलगा, नोकरीला लागल्यापासून तिच्याच खोलीत राहणारा, तिच्याच हातचं जेवणारा. तरी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन तिच्या खाटेशी उभा राहिलो.

"जा रे जयवंता," ती म्हणाली. दोन्ही पायांच्या मध्ये उशी बांधलेली, कूस बदलायचीसुद्धा बंदी. "गणपतीक घरचो माणूस होयोच. माका हय सिस्टरी असत. टाके काढतले तेव्हा ये म्हणजे झाला."

"येतो," म्हटलं आणि खोलीची किल्ली खिशात टाकून निघालो.

पुढचं मला वसुधा सिस्टरनी सांगितलं, तेही चांगलं झापत. वॉर्डात प्रत्येक खाटेला एकच स्टूल. भेटायची वेळ चार ते सहा. काकी पावणेचारलाच केस विंचरून तयार. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे माणसांची रीघ, ते स्टूल मागायचे. काकी द्यायची नाही. "माझो पुतणयो येतलो," म्हणायची. सहा वाजले की सुंदराबाई आया ते रिकामं स्टूल खाटेखाली सरकवायची आणि दोन मिनिटं काकीचे पाय चेपून जायची. वॉकर मिळाल्यावर काकी रोज दारापर्यंत चालत जाऊन जिन्याकडे बघून यायची. डॉक्टर खूश, बाई व्यायाम करतेय म्हणून. कसला व्यायाम! ती माझी वाट बघत होती.

टाके निघाले. घरी सोडायला घरच्या माणसाची सही हवी होती. विसर्जन होऊनही मी आणखी पाच दिवस गावीच राहिलो. एसटीचं तिकीट मिळालं नाही असं सगळ्यांना सांगतो, ते खोटं आहे. गावी बरं वाटत होतं, आणि काकी हॉस्पिटलात आहे म्हणजे काळजी नाही, अशी मी मनाची समजूत घातली. आजही त्याची लाज वाटते.

शेवटी प्रसादाचा डबा घेऊन मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात पोचलो. काकी लुगडं नेसून खाटेच्या कडेला बसली होती, पिशवी भरलेली. बसायला मी स्टूल शोधलं. ते शेजारच्या खाटेशी होतं, त्यावर कुणी म्हातारा बसलेला.

"गणपती बरो झालो मा?" काकीनं विचारलं.

"झाला. काकी, मी सही करतो, चल घरी."

"सही झाली."

सिस्टरनी कागद पुढे केला. खाली सुंदराबाईचा अंगठा. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, बहीण.

"मानखुर्दाक जातंय, तिच्याकडे," काकी उठता उठता म्हणाली. मी हात पुढे केला. तिनं वॉकर धरला. "किल्ली तुझ्याकडेच रवांदे."