बुरुलकान एजेचा गुरुवार

बुरुलकान एजे चुकीच्या लग्नात गेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमचं गाव इसिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठावर. वरची आळी आणि खालची आळी मिळून तीनशे उंबरे. माझी शेजारीण बुरुलकान, वयानं थोरली म्हणून आम्हा सगळ्यांची एजे, त्याच जूनमध्ये शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोरं बिश्केकला. तिच्या हातचे बोरसोक सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेले. पिठाचे चौकोनी तुकडे तिनं तेलात सोडले की टम्म फुगायचे आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचे. त्यामुळे लग्न असो, बाळाला पाळण्यात घालायचं असो की मयताच्या वर्षाचं जेवण असो, लोक आधी तिच्या दारात यायचे. ती सगळ्यांना हो म्हणायची. कधी कधी तारीख विचारायच्या आधीच.

त्या शनिवारी तिला खालच्या आळीत जायचं होतं, नवऱ्याच्या मावसबहिणीच्या जावेकडे. ती गेली वरच्या आळीत. अंगणात कढई तापलेली दिसली, तिनं बाह्या सारल्या आणि पोतंभर पिठाचे बोरसोक तळून काढले. मग तिला मानाच्या जागी बसवलं. तिनं उभं राहून नवरीला भरल्या गळ्यानं आशीर्वाद दिला, तोही भलत्याच नावानं. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून ओमीन म्हटलं आणि निघताना मटणाची पिशवी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी खालच्या आळीतून माणूस विचारायला आला की एजे मेली की काय. ती आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसले.

"तुरसून," ती मला म्हणाली, "दिवसभर तिथं होते मी. हे घर कुणाचं, असं विचारावंसंही वाटलं नाही मला."

दुसऱ्या दिवशी तिच्या चुलीवरच्या भिंतीला कॅलेंडरचं एक पान उलटं चिकटवलेलं दिसलं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'त्याच दिवशी हो म्हणायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची. नाही म्हणताना खोटं बोलायचं नाही. गुरुवार माझा. यात बदल करायचा तर तो मीच करीन.'

"गुरुवारच का?" मी विचारलं.

"बाकीचे वार कुणी ना कुणी मागतं. ह्याला गिऱ्हाईक नव्हतं."

पहिली गाठ पडली ती तिच्या जावेशी, सोनुनबुबूशी. ती अंगणातूनच म्हणाली, "परवा सकाळी ये हं, नातवाला पाळण्यात घालतोय. पीठ आणून ठेवलंय."

"उद्या सांगते."

"काय सांगतेस?"

"येते की नाही ते."

सोनुनबुबूला ही थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी एजे स्वतः तिच्या घरी जाऊन म्हणाली, "नाही येत."

"गुडघा धरलाय का?"

"गुडघा चांगला आहे."

"मग पोरं यायचीत?"

"नाही गं. मला यायचं नाहीये. ह्या महिन्यात पाच जेवणं झाली माझी."

दुपारपर्यंत गावभर झालं की बुरुलकानला काहीतरी लागलंय. सोनुनबुबू तर दृष्ट काढणाऱ्या म्हातारीलाच घेऊन आली. म्हातारीनं वाळक्या डहाळ्या पेटवून एजेभोवती धूर फिरवला, खोकली, आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "चष्मा आणला नाही. वाचून दाखव."

एजेनं वाचलं.

"नाही म्हटल्यावर झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"पूर्वीपेक्षा जास्त."

म्हातारी सोनुनबुबूकडे वळली. "हिला काही झालेलं नाही." मग एजेला म्हणाली, "मलाही एक लिहून दे. मोठ्या अक्षरात."

पण पहिल्या गुरुवारी अकरा वाजताच एजे माझ्या दारात हजर. "तुरसून, चूल घासली, खिडक्या पुसल्या, कोंबड्यांशीही बोलून झालं. लोक स्वतःच्या दिवसाचं करतात तरी काय?"

"मला काय विचारतेस? मला कधी मिळालाय?"

दोघी तशाच पायरीवर बसून राहिलो. दुसरा गुरुवारही असाच गेला, फक्त त्या दिवशी ऊन जास्त होतं.

तिसऱ्या गुरुवारी ती तळ्यावर गेली. अठ्ठावन्न वर्षं काठावर काढली, पण गालिचे धुण्यापलीकडे तिचा त्या पाण्याशी संबंध नव्हता. नवऱ्याच्या ट्रकची जुनी ट्यूब तिनं हवा भरून आणली होती. अंगातल्या झग्यासकट ती ट्यूबमध्ये शिरली आणि छातीपर्यंत पाण्यात जाऊन हातपाय मारायला लागली. मी शेजारच्या शेतात बटाट्याची खुरपणी सोडून बघत राहिले. तिचा दीर कासिमाली घोड्यावरून चालला होता. तो थांबला आणि ओरडला, "वहिनी, काही पडलंय का पाण्यात?"

"मी," एजे म्हणाली.

इथवर मला सगळी मजाच वाटत होती. ऑगस्टमध्ये माझ्या लेकीला, कानिशायला, बघायला पाहुणे यायचे ठरले, आणि दिवस निघाला गुरुवार. मी बोरसोकचं विचारायला गेले. मला ती नाही म्हणेल हे मनातही आलं नव्हतं. पण मलाही तेच, "उद्या सांगते." सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाली, "तुरसून, गुरुवार आहे. नाही येत."

"माझ्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि तुला पोहायचंय?"

"हो."

मी फाटक आपटलं. मग हट्टानं स्वतःच तळायला बसले. वरून काळे, आतून कच्चे. मुलाच्या आईनं एक तोंडात टाकला, तो गालातच ठेवला आणि वर चहा प्यायली.

"कुणी केलेत?"

"मी."

"माझेही असेच होतात," ती म्हणाली. "म्हणून आम्ही बाजारातून आणतो." कानिशाय फिसकन हसली, ती बाईही हसली, आणि चहा संपायच्या आत सोयरीक पक्की झाली.

तरी मी एजेशी पंधरा दिवस बोलले नाही. मग एका सकाळी ती वाडगाभर जर्दाळू घेऊन आली.

"राग गेला नसेल तर परत जाते."

"नाही गेला."

"बरं," म्हणाली, आणि बसली. "तुझ्या घरावर छप्पर चढलं तेव्हाचं जेवण आठवतंय? माझ्या नवऱ्याला ताप होता. तू बोलावलंस, मी हो म्हटलं. दिवसभर तळत होते आणि मनात तुला शिव्या देत होते."

त्या दिवशी एजे किती मायेनं आली होती, हे मी आजवर गावभर सांगत आले होते.

"मला वाटलं होतं, तू आनंदानं आलीस."

"सगळ्यांना तसंच वाटायचं. चेहरा तसाच ठेवायचे ना मी. माझ्या शिव्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत, तू फाटक आपटलंस ते तरी ऐकू आलं." तिनं एक जर्दाळू फोडून माझ्या हातावर ठेवला. "लग्नाचं विचारणार नाहीस?"

"तू नाही म्हणशील."

"विचार तर खरं."

मी विचारलं. "उद्या सांगते," ती म्हणाली आणि निघून गेली. मला वाडगा तिच्या डोक्यात घालावासा वाटला.

सकाळी सहाला फाटक वाजलं. एजे दारात उभी, कमरेला फडकं बांधलेलं, हातात लाटणं. लग्नाला अजून दीड महिना होता. "लाटणं दाखवायला आणलंय," ती म्हणाली. "म्हणजे तुला शंका नको."

लग्नात तिनं दोन पोती पीठ तळलं. या खेपेला शिव्या मोठ्यानं दिल्या, गरम बोरसोक पळवणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन, आणि मधेच हात पुसून नाचूनही आली.

यंदाच्या उन्हाळ्यात गुरुवारी तळ्यावर आम्ही चौघी असतो. एजेला आता ट्यूब लागत नाही, ती सोनुनबुबूला लागते. चौथी माझी विहीणबाई. ती पाण्यात उतरत नाही, काठावर बसून बाजारचे बोरसोक खाते आणि कुणाचे पाय चुकतायत ते सांगते.