दोन मोटारींची घोरपड

दिवाळसणाला गेलेल्या जावयाने सासुरवाडीत तीनच कामं करायची असतात. बसायचं, खायचं आणि 'अहो, कशाला, कशाला' म्हणत जे देतील ते घ्यायचं. मी चौथं केलं. मी घोरपड घेऊन गेलो.

(खरी नव्हे. खरी नेली असती तर नुकसान कमी झालं असतं.)

गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. मी घाटकोपरचा, विक्रोळीच्या एका कारखान्यात वायरिंग खात्यात कामाला. सुलभा मुलुंडची. आमचं लव्हमॅरेज. त्यामुळे ती मला आमच्या घरी 'अरे' म्हणायची आणि माहेरी गेली की एकदम 'अहो'. तिचे वडील, म्हणजे अण्णा, शाळेत इतिहास शिकवायचे. 'मुलगा करतो काय?' या त्यांच्या प्रश्नाला सुलभाने 'वायरी जोडतो' असं खरं उत्तर दिलं आणि तिथेच घोटाळा झाला. लग्नाला अण्णा आले, अक्षता टाकल्या, जेवलेसुद्धा. फक्त माझ्याशी बोलायचं तेवढं राहून गेलं. मी समोर बसलेला असलो तरी ते सुलभाला म्हणायचे, "त्यांना विचार, साखर किती?"

"दोन चमचे," मी म्हणायचो.

"काय म्हणतात ते?" अण्णा सुलभाला विचारायचे.

असं सगळं फोनच्या ऑपरेटरमार्फत चालल्यासारखं चालायचं. मला हे फार लागायचं, खरंच सांगतो. माझे वडील मी लहान असतानाच गेले. लग्न झालं की एक वडील मिळतील असं मी मनात धरून बसलो होतो, आणि मिळाले ते हे असे, दुसरीकडे तोंड केलेले.

अण्णांचा जीव दोन गोष्टींत. एक सुलभा, दुसरा दिवाळीतला किल्ला. त्यांच्या सोसायटीत दर पाडव्याला किल्ल्यांची स्पर्धा असायची. बाकीच्या बिल्डिंगांतून पोरं किल्ला करायची, ए विंगमधून मात्र स्वतः अण्णा, धोतर खोचून! वर्षानुवर्षं पहिला नंबर त्यांचा. पण मागच्या दोन दिवाळ्या बी विंगच्या सावंतांनी मारल्या होत्या. त्यांनी किल्ल्यावर विजेवर चालणारं कारंजं बसवलं होतं.

"कारंजं!" अण्णा भिंतीकडे बघून म्हणायचे. "वेढा पडलाय, प्यायला पाणी नाही आणि हे वर कारंजं उडवतायत!"

सुलभाने एकदा हे मला सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. कड्यावर घोरपड चढवतात, तिच्या कमरेचा दोर धरून मावळे वर जातात, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीत नाही? मी ठरवलं, खडक चढणारी रिमोटची गाडी बनवायची आणि तिला घोरपडीचं कातडं घालायचं.

रिमोट आयता होता. माझ्या मावसभावाने दुबईहून आणलेली एक गाडी त्याच्या पोराने जिन्यावरून फेकली होती, तिचा रिमोट आणि आतलं सर्किट जिवंत होतं. पण ती सपाट लादीवर पळणारी गाडी. दगड चढायचा तर वेग नको, जोर हवा, आणि चारही चाकांना हवा. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून गिअरवाल्या दोन छोट्या मोटारी आणल्या. एक पुढच्या चाकांना, एक मागच्या चाकांना. चाकांना सायकलच्या टायरचे तुकडे चिकटवले.

आता यात एक गोम आहे, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरच आहे. जागा कमी म्हणून दोन्ही मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसवल्या होत्या. टांग्यात पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन माणसांना 'चला पुढे' म्हटलं तर दोघं दोन दिशांना जातील की नाही? तसंच. म्हणून पुढच्या मोटारीला लाल वायर लालला, काळी काळीला, पण मागच्या मोटारीला मुद्दाम उलटी जोडायची. लाल काळीला, काळी लालला. मग दोघी एका दिशेला जातात. मी जोडली, आईच्या पाट्या-वरवंट्यावर चढवून बघितली. झकास!

"मेल्या, वाटण करायचंय त्यावर!" आई म्हणाली. पण तीही बघत राहिली होती.

सुलभाने जुन्या हिरवट रेनकोटाचं कातडं शिवलं, पोटाला बटणं ठेवली. धनत्रयोदशीला आम्ही मुलुंडला दाखल. अण्णांचा किल्ला तयार होता. मागच्या टेकडीवरून आणलेले काळे दगड रचून असला कडा उभा केलेला की बस! मी घोरपड पायथ्याशी ठेवली, रिमोटची दांडी पुढे केली. गुर्र्र करत ती पहिला दगड चढली, दुसरा चढली, तिसऱ्यावर थोडी घसरली, परत चढली. माई, म्हणजे माझ्या कोकणातल्या सासूबाई, टाळ्या वाजवायला लागल्या. अण्णांनी वाकून चाकं बघितली. मग सुलभाकडे वळून म्हणाले, "त्यांना सांग, बरंय."

मी त्या दिवशी जेवताना चार पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. घोरपड खोलीत उताणी, पोटाची बटणं उघडी, चिखल वाळायला ठेवलेली. मी शेजारीच आडवा झालो आणि घोरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान करून, उटण्याचा वास सोडत खाली गेलो, दांडी पुढे केली आणि घोरपड जागच्या जागी थरथरायला लागली. पुढची चाकं म्हणतायत वर, मागची म्हणतायत खाली! पोट उघडून बघतो तर मागच्या मोटारीला लाल लालला, काळी काळीला. एकदम सरळ. मी चक्रावलो. मीच घाईत चुकलो असणार, असं म्हणून परत उलटी जोडली. चालली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी परत तेच! परत सरळ!

"सुलू, मी झोपेत उठून काही करतो का गं?"

"घोरतोस."

"त्याशिवाय?"

तिने माझ्याकडे अशा प्रेमाने बघितलं की मी घाबरलो. (लग्नानंतर तसं फार होत नाही.) "होतं रे माणसाच्या हातून," ती म्हणाली. माईंनी तर न मागता माझ्या बशीत आणखी दोन चकल्या ठेवल्या आणि पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, काय माया आहे! मी वायर परत उलटी जोडली आणि यावेळी वर काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळली. आता बघतोच कशी सरळ होते ती.

पाडव्याच्या संध्याकाळी परीक्षक आले. सोसायटीचे चेअरमन, पांढरा सफारी घालून, आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. मागे अख्खी सोसायटी. सावंतांचं कारंजं शेजारी उडत होतंच. अण्णांनी घसा खाकरून सगळा इतिहास सांगितला, घोरपडीच्या कमरेला दोर बांधला, दोराला ओळीने मातीचे मावळे. मग सुलभाकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, होऊ दे सुरू."

मी दांडी पुढे केली.

घोरपड थरथरली. रेनकोट पुढूनही ताणला, मागूनही ताणला. मागची चाकं जागच्या जागी फिरून मातीत खड्डा काढायला लागली, आणि ती ओली माती कुठे गेली असेल? चेअरमनच्या सफारीवर! खालच्या बटणापासून वरच्या खिशापर्यंत!

"अरे गाढवा, बंद कर!" सुलभा ओरडली. 'अहो'ची वाट लागली. सोसायटी हसली. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि सावंत मिशीत हसले. ते मला चेअरमनच्या सफारीपेक्षा जास्त झोंबलं.

"एक मिनिट, एक मिनिट!" म्हणत मी घोरपड उताणी केली. घामाने बोटं घसरत होती. चिकटपट्टी सोडायला वेळ कुठला? म्हणून पट्टी नव्हती त्या पुढच्या मोटारीचीच वायर उलटी करून टाकली. आता दोन्ही मोटारी एका दिशेला फिरणार हे खरं, पण दिशाच उलटी! दांडी पुढे केली तर घोरपड मागे येणार, मागे ओढली तर पुढे जाणार. हरकत नाही म्हटलं, आपल्याला माहीत आहे ना? दांडी मागे ओढली.

आणि चढली की हो! एक दगड, दुसरा दगड, तिसरा, मागे दोर, दोराला लोंबकळत मावळे. लोक पुढे सरकले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. सावंतांच्या कारंज्याकडे पाठ करून त्यांची बायकोसुद्धा आमच्याकडे बघत होती! घोरपड वर पोचली, तटावर उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दोर जरा जास्तच ताणला गेला होता. अण्णा माझ्याकडे वळले. सुलभाकडे नाही, माझ्याकडे! डोळ्यांत पाणी.

"जरा मागे घ्या हो," अण्णा म्हणाले.

थेट मला! मधे ऑपरेटर नाही! मला इतकं भरून आलं की हातातला रिमोट, उलट्या वायरी, काही म्हणजे काही आठवलं नाही. वडीलधाऱ्या माणसाने मागे घ्या म्हटलं, मी दांडी मागे ओढली.

घोरपड पुढे गेली.

"मागे, मागे!"

"घेतोय, अण्णा!" मी आणखी जोरात ओढली. घोरपड दरवाजा फोडून आत घुसली. "अहो मागे!" मी दोन्ही अंगठ्यांनी ओढली. बाजारपेठ गेली, घोड्यांची पागा गेली, पेरलेली अळिवाची हिरवळ गेली. घोरपड सिंहासनाच्या रोखाने निघाली तेव्हा अण्णांनी या वयात जी झेप घेतली! महाराजांना सिंहासनासकट अलगद उचलून छातीशी धरलं आणि बाजूला झाले. मग घोरपड मागच्या तटावरून खाली उतरली, दोराला बांधलेलं सगळं सैन्य फरफटत घेऊन बी विंगच्या हद्दीत शिरली, सावंतांचा बुरूज चढली आणि वरून धप्पकन कारंज्याच्या हौदात पडली. रेनकोटाची बाही पंपात ओढली गेली. कारंजं दोनदा उचकी दिल्यासारखं उडालं आणि बसलं.

"माझं कारंजं!" सावंत डोक्याला हात लावून खाली बसले.

पहिला नंबर सी विंगला गेला. त्यांच्या किल्ल्यावर फक्त माती होती.

घरी फराळाच्या ताटाभोवती आम्ही चौघं बसलो होतो. कोणी चकलीसुद्धा मोडत नव्हतं, आवाज होईल म्हणून. मी मान खाली घालून मनातल्या मनात घाटकोपरची बस शोधत होतो. शेवटी माई अण्णांना म्हणाल्या, "आता तरी सांगा जावयांका. किती लपवतलास?"

अण्णांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे बघा, तुमची एक बारीकशी चूक होत होती. मागच्या वायरीत. लाल काळीला जोडली होतीत. धनत्रयोदशीला तुम्ही झोपला होतात तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गुपचूप सरळ केली."

"आणि माका दिसली दुसऱ्या दिवशी," माई म्हणाल्या. "दिवाळसणाक इलेल्या माणसाक सांगूचा कसा? म्हणान सुलूकडून सरळ करून घेतलंय."

मी सुलभाकडे बघितलं. ती चिवड्यातले शेंगदाणे निवडायला लागली.

"आज सकाळी बघतो तर परत उलटी, वर पट्टीसुद्धा!" अण्णा म्हणाले. "पट्टी सोडली, सरळ केली, पट्टी पुन्हा जशीच्या तशी लावली. चारचौघांत तुमचं नाक कापलं जाऊ नये एवढंच मनात होतं. आपल्या माणसाची चूक आपणच झाकायची असते. पण तुम्ही ऐन वेळी परत छेडछाड केलीत!"

आपल्या माणसाची! माझ्याशी सहा महिने न बोललेला हा माणूस सणासुदीच्या सकाळी चष्मा लावून माझी अब्रू राखायला घोरपडीच्या पोटात वाकला होता. मी रडायच्या बेताला आलो. तोंडापर्यंत आलं होतं, 'अण्णा, ती मुद्दामच उलटी जोडली होती हो!' पण मग त्यांचा किल्ला कोणी पाडला, याचं उत्तर बदललं असतं. आणि अण्णा माझ्याकडे बघत होते, अगदी थेट.

"चुकलंच माझं, अण्णा," मी म्हणालो. "लाल-काळ्याचा माझा नेहमीच घोळ होतो."

"होतं, होतं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या बशीत करंजी ठेवली. त्या दिवसापासून आमचं जे बोलणं सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. आता सुलभा कंटाळून आत निघून जाते.

मी आता विक्रोळीला वायरिंग खात्याचा सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली चाळीस माणसं वायरी जोडतात आणि मी सही केल्याशिवाय एक पॅनल बाहेर जात नाही. पण मुलुंडला मला बेलचं बटणसुद्धा जपून दाबायला सांगतात. परवा तिथे फ्यूज उडाला. मी उठलो तर माई आडव्या आल्या, "तुमी बसा हां!" आणि सत्तरीला आलेले अण्णा स्वतः स्टुलावर चढले. मी फारच गयावया केली तेव्हा त्यांनी टॉर्च धरायचं काम मला दिलं. देताना मायेने समजावलं, "हे बघा, काच असते ना, ती बाजू पुढे."