टाकीतली भरती

आमच्या सरावलीच्या घरात रोज एकदा ओहोटी होते आणि एकदा भरती. खिडकीतून समुद्र दिसत नाही; दिसते ती समोरच्यांची मोटरसायकल आणि तिच्यावर वाळत टाकलेली गोधडी. ही भरती-ओहोटी बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत होते आणि ती बाबा करतात.

टाकी ही माझी हौस. बायको तिला माझी पहिली बायको म्हणते, कारण ती लग्नाआधीपासून घरात आहे. तळाशी वाळू, फितीसारख्या लांब पानांच्या पाणवनस्पती आणि त्यांच्यातून फिरणारे छोटे पट्टेवाले मासे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी रानशेतहून सासरे आले, ते डब्यात एक जिवंत वाम घेऊन. शेताच्या बांधाला लावलेल्या बांबूच्या सापळ्यात सापडलेली, सापासारखी, वीतभर लांब. समुद्रातली वाम वेगळी. ही ओढ्यातली, पाठीवर बारीक काट्यांची रांग आणि तोंडापुढे इवलीशी सोंड. आणली होती कालवणासाठी. पण तिने ती सोंड डब्याच्या कडेला लावून हुंगल्यासारखं केलं आणि मी कालवणावर पाणी सोडलं.

तिच्यासाठी बारीक वाळू हवी होती, म्हणून मी ओढ्यातली वाळू आणून बायकोच्या रव्याच्या चाळणीने चाळली. त्या चाळणीचा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

त्याच सुमारास बाबा आमच्याकडे आले. म्हणजे मी त्यांना आणलं. आई गेल्यापासून डहाणूच्या किनाऱ्यावरच्या घरात ते एकटेच होते. सगळा जन्म होडीवर तोल सांभाळलेला माणूस मोरीत घसरून पडला आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. आमच्याकडे आले, पण त्यांनी पिशवी काही रिकामी केली नाही. दाराजवळ ठेवलेल्या त्या पिशवीतून कपडे काढायचे आणि धुऊन वाळले की घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. तिकडे शेजारी राहणाऱ्या काकांचा फोन आला की म्हणायचे, "येतो दोन दिसांत." ते खरंच गेले आणि पुन्हा पडले तर, ही भीती तलासरीला कामावर जाताना रोज माझ्याबरोबर यायची. पण बापाला 'राहा' म्हणणं मला जमत नव्हतं. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

वाम दिवसभर वाळूत असायची. वर फक्त सोंडेचं टोक आणि दोन डोळे. आलेल्या पाहुण्यांना ते दाखवूनही दिसत नसत. बाबांना पहिल्याच दिवशी दिसले. चिकूचं रिकामं खोकं उलटं घालून ते टाकीसमोर बसू लागले. इतके मासे पकडले, पण निवांत बसलेला मासा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिन्हीसांजेला मी टाकीचा दिवा मालवला की वाळू हलायची आणि ती हळूच बाहेर यायची, पानांमधून वळसे घेत, जणू कोणीतरी पाण्यात दोरा ओवतंय. कुंडीतलं गांडूळ बाबा तिला हाताने द्यायचे. तिने उपटलेली रोपं ते जाळं विणायच्या दोऱ्याने दगडाला बांधून ठेवत. त्या अर्ध्या उजेडात खोलीभर पाणीच आहे असं वाटायचं आणि आम्ही तिघंही तळाशी बसल्यासारखे गप्प असायचो.

एक दिवस ते म्हणाले, "ह्या पान्याला जायाला जागा नाय." दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली आणि ओहोटीच्या वेळेला मगाने पाणी काढायला सुरुवात केली. भरतीच्या वेळेला विहिरीचं पाणी हळूहळू ओतायचे. अष्टमीला कमी, पुनवेला-अमावास्येला जास्त. ओढ्यातल्या वामेला भरती काय ठाऊक, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पाणी बदलत राहिलं म्हणून वनस्पती तरारल्या, आणि काढलेल्या पाण्यावर बायकोची तुळसही. मग मी कशाला बोलतोय.

एका रविवारी अमावास्या होती. सकाळी काकांचा फोन आला आणि बाबा म्हणाले, "आज दुपारी निंगतो." या वेळी आवाज वेगळा होता. आंघोळीचा ओला पंचा त्यांनी पिशवीत वर ठेवला. दुपारच्या गाडीसाठी मी रिक्षाला सांगतो म्हणालो. निघण्याआधी त्यांनी उधाणाची भरती केली, पार काठोकाठ. जेवण जड झालं होतं. ओढलेल्या पडद्यातून हिरवट उजेड येत होता आणि त्यात आमचा सगळ्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाबा खोक्यावर बसले होते. "नाय ती," ते म्हणाले.

"वाळूत असेल."

"नाय."

झाकणाच्या कोपऱ्यात फिल्टरच्या नळीसाठी फट आहे. पाणी तिथवर पोचलं होतं. आम्ही सोफ्याखाली पाहिलं, चपलांच्या मागे पाहिलं. मग बायकोला फरशीवर एक ओलसर रेघ दिसली. ती दाराकडे गेली होती, पिशवीपर्यंत.

बाबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पिशवी रिकामी केली. कपडे, बॅटरी, आईचा फोटो. ओल्या पंच्याच्या घडीत वाम होती. अंगाला केरकचरा चिकटलेला, पण कल्ले हलत होते. त्यांनी हात ओले केले आणि काटे लागू नयेत अशा बेताने तिला अलगद ओंजळीत घेतलं.

"कुठं निंगालीस बाय?" ते तिला म्हणाले. "तिकडं कोन हाय तुजं?"

मी भिंतीकडे बघत राहिलो. मला रडू येत होतं. बाबाही क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनी ओंजळ पाण्यात बुडवली. ती आधी कुशीवर पडून राहिली, नंतर शेपटीकडून वाळूत शिरली. सोंडेचं टोक हलेपर्यंत ते तिथून सरकले नाहीत. तेवढ्यात दुपारची गाडी गेल्याचा आवाज आला.

त्यांनी दोन बोटं पाणी कमी केलं आणि त्या फटीवर जुन्या जाळ्याचा तुकडा घट्ट बांधला. फरशीवर मळलेले त्यांचे कपडे बायकोने धुवायला टाकले.

तिन्हीसांजेला काकांचा फोन आला. बाबा खोक्यावरून न उठताच बोलले.

"मना नाय जमाचा," ते म्हणाले. "हितं भरती कोन करील?"