दोनशे खडे

सोनाळ्याच्या वहाब पिंजाऱ्याचा डावा गुडघा वाकत नसे. गादी भरताना तो पाय समोर सरळ पसरून बसायचा, आणि गिऱ्हाईक पायाकडे बघतंय असं दिसलं की कापूस जरा जास्तच जोरात पिंजायचा. कुणी विचारलंच तर एकच नाव घ्यायचा. किसनराव वस्ताद, जळगाव जामोद.

अकरा वर्षांपूर्वी, महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, वहाब किसनरावांच्या आखाड्यातला पैलवान होता. महिनाभर हिवतापानं अंथरुणावर पडून नुकता उठलेला, आणि नागपंचमीची कुस्त्यांची दंगल आठ दिवसांवर. समोरचा पैलवान भारी आहे हे कळताच किसनराव घाबरले. घाबरले की त्यांना एकच इलाज सुचायचा, पठ्ठ्याला राबवायचं. तीनशे बैठकांवरून एकदम हजार. दंगलीत वहाबचा गुडघा गेला. तो मातीत विव्हळत असताना वस्ताद चार गावांच्या लोकांसमोर म्हणाले, "पायात जीवच नाही बे ह्याच्या. खाल्लं ते सारं वाया गेलं."

गुडघा वहाबनं सोसला. ते बोलणं मात्र काही केल्या पचेना. त्याला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. त्याच मैदानात, त्याच लोकांसमोर, किसनरावांचं बोलणं किसनरावांच्याच तोंडावर मारायचं.

पाय पसरून बसलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. दर दंगलीनंतर कोणाचं काय मोडलं, हे वहाब खोदून खोदून विचारायचा. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की वर्षभर हजार बैठका मारणाऱ्याला काही होत नाही. महिनाभर बसून राहून आठ दिवसांत हजारावर उडी घेणाराच मोडतो. एवढी साधी गोष्ट वस्ताद म्हणवणाऱ्याला कळू नये, याचाच त्याला जास्त संताप यायचा.

मग त्यानं गावातला तरणा पैलवान कडूबा हाताशी धरला. दहा बैठकांना एक खडा. आठवड्याला दोन खडे वाढायचे, तिसरा नाही. ताप आला किंवा पेरणीत खाडा पडला, की खडे पुन्हा कमी.

"लोकं हजार मारून राह्यले, अन् मले काऊन इतक्याच?" कडूबा चिडायचा.

"तुले जिंकायचं हाये का मोजायचं हाये बे?" वहाब म्हणायचा.

सव्वा वर्षात कडूबा साठ खड्यांवर आला. नागपंचमीच्या दंगलीसाठी त्याची जोड लागली ती निवृत्तीशी, म्हणजे थेट किसनरावांच्या पोराशी. वहाबचा हर्ष मनात मावेना.

दंगलीच्या नऊ दिवस आधी किसनराव कापसाचं गाठोडं घेऊन एसटीतून उतरले. गादी भरायची म्हणे! समोरच्या पैलवानाचा अंदाज घ्यायला असं काहीतरी निमित्त काढून जायचं, ही त्यांची जुनीच खोड. वहाब वाटच बघत होता. अंगणात त्यानं साठाच्या जागी दोनशे खड्यांचा ढीग रचून ठेवला होता.

किसनरावांनी गुडघ्याची साधी चौकशी केली नाही. त्यांची नजर ढिगावरून हलेना.

"किती बे हे?"

"दोनशे, वस्ताद."

"रोजचे?"

"हाव, रोजचे."

म्हणजे दोन हजार बैठका. वस्तादांचं तोंड उतरलं. गाठोडं तिथंच टाकून ते परतीच्या एसटीकडे धावले, आणि वहाब अकरा वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसला.

निवृत्तीचा सगळा महिना शेतात, पिकाच्या डवरणीत गेला होता. फार तर चारशे बैठका त्याच्या पायात होत्या, हे वहाबला पक्कं ठाऊक होतं. चौथ्या दिवशी बातमी आली की निवृत्ती दीड हजारावर गेला. तेव्हाही वहाबला निवृत्तीचे पाय दिसले नाहीत, त्याच्या डोळ्यांपुढे फक्त बापाचं तोंड होतं. तो गप्प राहिला.

दंगलीत निवृत्ती डाव टाकायला वाकला आणि किंचाळून खाली बसला. कडूबाचा हातसुद्धा त्याला लागला नव्हता.

वहाब लंगडत मैदानात शिरला. बोलणं ओठावर तयार होतं. तो किसनरावांच्या समोर उभा राहिला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात किसनराव पोराकडे बोट दाखवून लोकांना म्हणाले, "पायात जीवच नाही बे ह्याच्या. खाल्लं ते सारं वाया गेलं."

शब्दाचाही फरक नव्हता. फेटा सावरत ते गर्दीतून निघूनही गेले. त्यांचं काहीच मोडलं नव्हतं, आणि अकरा वर्षं जपलेलं बोलणं आता वहाबच्या काही कामाचं राहिलं नव्हतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

निवृत्ती गुडघा धरून मातीत बसला होता. त्यानं तो सरळ पाय ओळखला.

"वहाबभाई, माह्यातच कमी होती का हो? तुमचा कडूबा खरंच रोज दोन हजार मारते?"

वहाब पाय पसरून त्याच्या शेजारी बसला.

"नाही बाप्पा. सहाशे," तो म्हणाला. "बाकीचे खडे तुह्या बापासाठी मांडले होते."