पथारीवरचा फिरकीचा तांब्या

तो तांब्या बाजारात मी नेला. बाबांनी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यातली माणसं अजून ही गोष्ट "तेव्हा ह्यांच्याकडे चोरीचा माल सापडला होता" अशीच सांगतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं.

संपानंतर बाबांची गिरणी उघडलीच नाही. आयुष्यभर साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभा राहिलेला माणूस वर्षभर घरात बसून राहिला. मग एक दिवस उठले, भंगारवाल्याकडून जुने अडकित्ते आणि पानाचे डबे वजनावर घेऊन आले आणि नगावर विकायला लागले. घाटकोपरला, आमच्या चाळीपासून चालत पंधरा मिनिटांवर, रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा. तिथे ताडपत्री अंथरून आमची पथारी. घराघरात स्टील येत होतं आणि पितळ बाहेर पडत होतं. घासून घासून हात दुखतात म्हणून आमच्या आयांनी जे टाकलं, तेच घ्यायला वांद्र्याहून माणसं गाडीतून यायची. दिवाणखान्यात शोभेला ठेवतात म्हणे! आम्हाला हसू यायचं, पण घर त्याच्यावरच चाललं होतं.

बाजाराचा एक कायदा होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता. ज्याच्याकडे चोरीचा माल सापडेल त्याची पथारी त्या दिवशी उठली, ती परत लागायची नाही. म्हणून सगळे एक काम आधी करायचे. आपल्याकडे भांड्यावर नावं घालतात ना, लग्नात, मुंजीत, बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी, 'सौ. अमुक हिस आईकडून'? ते नाव कानशीने घासून उडवायचं आणि वर पॉलिश मारायचं. नाव गेलं की मालक गेला. बाबा एवढं एक करायचे नाहीत.

"माणूस जितो असताना त्येचा नाव घासूचा नाय," म्हणायचे. मूळचे मालवणकडचे, रागावले किंवा अडले की गावची भाषा बाहेर यायची. मी दहा वेळा भांडले असेन. बाबा, हा धंदा आहे, देऊळ नाही. पण ऐकतील तर शपथ. नावाची भांडी ते कमी घ्यायचे आणि घेतली तर विकणाऱ्याला समोर बसवून विचारायचे, हे नाव कोणाचं.

असाच तो माणूस आला होता. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. चाळीतल्या कोणीतरी त्याला आमचं घर दाखवलं. पन्नाशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, हातात रेक्झिनची बॅग आणि निळ्या चौकटीच्या फडक्यात बांधलेला डबा. बॅगेतून त्याने फिरकीचा तांब्या काढला. प्रवासात पाणी न्यायचा तो, आट्यांच्या झाकणाचा. असला सुबक तांब्या मी त्याआधी पाहिला नव्हता. झाकणावर मोर, पोटावर वेलबुट्टी, आणि खाली नाव. 'सौ.' आणि मग बायकोचं, नवऱ्याचं, आडनाव.

बाबांनी विचारलं, नाव कोणाचं? त्या माणसाने मधल्या नावावर बोट ठेवलं. "हे माझं," म्हणाला. मग आईने दिलेला चहा हातात धरून, न पिता, त्याने सगळं सांगितलं. मुलुंडला राहतो. कंपनीला टाळं लागून चार महिने झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी बायको डबा बांधून देते, हा निघतो आणि संध्याकाळी परत जातो. पहिल्या तारखेला तिच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. "कोणाला बोलू नका," म्हणाला. "तिला कळलं तर मी तिच्यासमोर उभा राहू शकणार नाही."

"नाय बोलणार. शब्द दिलंय," बाबा म्हणाले. त्यांनी पैसे मोजून दिले आणि तांब्या खाटेखालच्या ट्रंकेत ठेवला. विकायला नाहीच. कधीतरी येईल तो न्यायला, म्हणे.

मला त्या माणसाची दया आली, खोटं कशाला बोलू. पण तीन आठवडे गेले, पावसाने दोन रविवार बुडाले होते, आई रात्रंदिवस शेजारणींच्या साड्यांना फॉल लावत बसलेली, आणि इथे हजारात एक असा तांब्या ट्रंकेत पडून! वांद्र्याची एक बाई फिरकीचा तांब्याच शोधत होती, मला दोनदा बोलली होती. त्या रविवारी बाबा पुढे गेल्यावर मी ट्रंक उघडली. नाव घासायला वेळही नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. तांब्या तसाच पिशवीत टाकला.

बाबांनी तो ताडपत्रीवर बघितला तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "उचल तो," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तासभर थांबा, ती येईल, घेऊन जाईल, कोणाला काही कळायचं नाही. त्यांनी हात पुढे केला तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, समईचा भाव विचारायला लागलं, आणि तांब्या राहिला तिथेच.

वांद्र्याची बाई आलीच नाही. दुसरीच आली. चाळिशीची, नेटकी, साधी गोल साडी, खांद्याला कापडी पिशवी. पुढच्या पथारीवर काचेच्या बरण्या बघत होती. तिथून तिची नजर आमच्याकडे आली आणि थांबली. ती चालत आली ती थेट तांब्याकडे. खाली बसली, उचलला, उलटा केला, नाव वाचलं. मी बाबांकडे बघितलं तर ते ताडपत्रीकडे बघत होते.

"हा माझा तांब्या आहे," बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "माझ्या आईने मला लग्नात दिलेला. हे माझं नाव. तुमच्याकडे कुठून आला?"

"एका माणसाकडून घेतला," बाबा म्हणाले.

"कोण माणूस?"

बाबा समया सरळ करायला लागले.

"अहो, मी विचारतेय. ह्या तांब्यापायी मी घरातली कामवाली काढली! सात वर्षं काम करणारी बाई. पोरांची शपथ घेत होती, पाया पडत होती, तरी काढली. तिनेच आणून दिला ना?"

मला वाटलं, बाबा, हो म्हणू नका हं. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, म्हणा ना हो, सुटू आपण. मनात आलं होतं तसं, लाज वाटते पण आलं होतं.

बाबांनी मान वर केली. "तिने नाही घेतला," म्हणाले. "तिला परत कामाला घ्या, बाई. ती चोर नाही. एवढं मी सांगतो."

झालं! बाईने तेच धरलं. "म्हणजे चोर कोण ते तुम्हाला माहीत आहे. बरोबर आहे, माहीत असणारच." आणि ती ताडकन उठली, बाजाराच्या तोंडाशी हवालदार उभा असायचा त्याला घेऊन आली. आमच्या शेजारचा घड्याळवाला, दर रविवारी आमच्यातला चहा पिणारा, आपली ताडपत्री हातभर तिकडे ओढून बसला.

"काय रे ए," हवालदार बाबांना म्हणाला, "कुठून उचललास?"

माझ्या बापाला अरे-तुरे! साठीला टेकलेल्या माणसाला! मी बोलायला तोंड उघडलं तर बाबांनी न बघता हात आडवा केला.

"विकत घेतला, साहेब."

"कोणाकडून? नाव सांग, पत्ता सांग."

"ते नाही सांगता यायचं."

"नाही सांगता यायचं?" हवालदाराने बाईकडे बघितलं, मग गर्दीकडे. गर्दी जमली होतीच. "मग चल चौकीवर, तिथे येईल सांगता. आणि ही पथारी गोळा कर. परत इथे दिसायचं नाही."

बाबा उठायला लागले. वाद नाही, विनवणी नाही, चपला शोधत होते. गुडघ्याचं दुखणं, त्यामुळे उठताना वेळ लागला, तर हवालदाराने दंडाला धरून ओढलं. बाबा तोल जाऊन समयांवर पडले, समया खणखणत रस्त्यावर गेल्या, आणि माझा ताबा सुटला.

"हात लावू नका त्यांना!" मी ओरडले. "चोरीचा नाहीये तो! ह्यांच्याच नवऱ्याने आणून दिलाय! विचारा घरी जाऊन!"

"ए, तोंड सांभाळ," बाई म्हणाली.

"गप रव गो," बाबा खालून म्हणाले. "तू मधी पडा नको."

पण माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. "तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, सकाळी अकराला आमच्या घरी बसले होते!"

बाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. खोटं पकडल्यासारखी ती हसलीसुद्धा. "मंगळवारी अकराला? बघा हो हवालदार. मंगळवारी अकराला हे कंपनीत असतात."

"कसली कंपनी, काकू! टाळं लागून चार महिने झाले कंपनीला! रेक्झिनची बॅग, निळ्या चौकटीच्या फडक्यात डबा, त्याला वर दोन गाठी..."

"गप!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की मी खरंच गप्प झाले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर एवढा आवाज चढवला नव्हता. पण सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं.

बाई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात तांब्या होता, आणि दुसऱ्या हाताची बोटं पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. एक मारली, त्याच्यावर दुसरी मारली. तिला ते कळत नव्हतं. गर्दीतलं कोणीतरी फिदीफिदी हसलं. बापरे, मी काय करून बसले, हे मला तेव्हा समजलं.

मग तिने तांब्या हळूच ताडपत्रीवर ठेवला.

"माझा नाही हा," ती हवालदाराला म्हणाली.

"आं? बाई, आता तर नाव वाचून दाखवलंत."

"चूक झाली माझी. एका नावाच्या दोन बायका असतात. माझ्या तांब्यावर मोर नव्हता."

"आमचा टाइम कशाला खोटी करता?" हवालदार वैतागला. बाबांचा दंड त्याने केव्हाच सोडला होता. 'मिटवा आपसात' असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला, बघ्यांचाही रस संपला. बाई वळली आणि स्टेशनच्या उलट्या दिशेला, बस स्टॉपकडे चालायला लागली.

आमची पथारी वाचली होती. बाबांवरचा आळ गेला होता. मी समया गोळा करत होते आणि बाबा माझ्याकडे बघत नव्हते. "मी त्येका शब्द दिलंय," एवढंच म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाले, "जा. तिची वस्तू तिका देऊन ये."

तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी धावत सुटले. ती स्टॉपवर होती. रांगेत नव्हती, बाजूला, बंद दुकानाच्या पायरीपाशी उभी होती. मी तांब्या पुढे केला. "काकू, घ्या. तुमचाच आहे. पैसे नकोत. बाबांनी पाठवलंय."

तिने हात पुढे केला नाही. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"दुपारी डबा कुठे बसून खातात, ते काही बोलले का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"कामवालीला उद्याच बोलावते," ती म्हणाली, पण ते मला नव्हतं, स्वतःलाच होतं. बस येताना दिसली. मी पुन्हा म्हटलं, काकू घ्या ना हो, माझी शपथ आहे, आईने दिलेली वस्तू आहे तुमच्या. तेव्हा मात्र तिने तांब्याला हात लावला, वर्तमानपत्रावरूनच, आणि माझ्याकडे परत ढकलला.

"वेडी आहेस का? हा घरी दिसला तर ह्यांना कळेल ना, मला कळलंय म्हणून," ती म्हणाली. "मग उद्या सकाळी डबा घेऊन निघतील कसे?"