इन्स्पेक्टर येण्याआधीचा शनिवार

व्हर्नेटा पिटमन सेहेचाळीस वर्षांत अकरा घरांत राहिली. सगळी भाड्याची. आई अलाबामाहून इथे ओहायोत कारखान्यात कामाला आली, तेव्हा व्हर्नेटा पोटात होती. ती जागा धरली तर बारा झाली, आणि तिथेच भाडं नव्हतं, असं ती हसत सांगायची.

ती शाळेची बस चालवायची. सकाळच्या फेरीत गार्नर स्ट्रीटवरचं चौथं घर तिच्या मनात भरलं होतं. दोन मजले, पुढे रुंद व्हरांडा. तिथल्या कुटुंबाचे हप्ते थकले, बँकेने घर ताब्यात घेतलं, खिडक्यांवर प्लायवुड ठोकलं. २०१० साल होतं. आमच्या शहरात अशी घरं गल्लोगल्ली झाली होती.

अशा घरांसाठीच सरकारी मदत आली. ज्याने आयुष्यात कधी घर घेतलं नाही, त्याने असं जप्तीतलं घर घ्यायचं. सुरुवातीच्या रकमेला शहर हातभार लावणार, दुरुस्तीही शहरच करून देणार. व्हर्नेटाने घर घेणाऱ्यांसाठीचा आठ तासांचा वर्ग केला. प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवलं. मग गार्नर स्ट्रीटच्या घरासाठी अर्ज केला, आणि तो मंजूर झाला.

शहराच्या कचेरीत तिची फाइल मिसेस कोवाच बघायच्या. भल्या बाई. टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "मिस पिटमन, एक लक्षात ठेवा. तपासणी होऊन शहराची सही होईपर्यंत घराला हात लावायचा नाही. काहीही काम नाही."

"मी कशाला काम करतेय, मॅडम? मला हातोडीची कुठली बाजू धरायची तेही कळत नाही."

दोघी हसल्या. व्हर्नेटाने सही केली.

सोमवारी इन्स्पेक्टर येणार होता. आदल्या शुक्रवारी ती बस लावून घराकडे गेली. व्हरांड्यावर पाला साचला होता. कठड्याचा रंग खपल्या धरून सुटला होता. घरी पाहुणा येणार आणि दारात ही अवकळा? आईने तिला वाढवलं होतं ते असं की वीजवाला येणार असला तरी आधी ओटा धुवायचा.

तिने धाकट्या भावाला, ओडेलला, फोन केला. चर्चमधल्या सिस्टर अर्लीनलाही सांगितलं. सत्तरीच्या या बाईला सांगणं म्हणजे साऱ्या महिला मंडळाला सांगणं.

शनिवारी सकाळी पाच बायका हजर. झाडू, बादल्या, खरवडायच्या पात्या, कुणाच्या तरी गॅरेजमधला अर्धा डबा पांढरा रंग. चिकन आणि बटाट्याचं सॅलडही.

"ओडेल, अरे तो कठडा आहे, गाल कुरवाळतोस का त्याचे?" सिस्टर अर्लीन ओरडली.

"सिस्टर, मी जपून करतोय."

"तुझी बायको म्हणतेच, तू सगळंच जपून करतोस. म्हणून काही होत नाही!"

बायका पोट धरून हसल्या. कठडा खरवडला, पुसला, रंगाचा एक हात दिला. खपल्या कडेच्या मातीत झाडून टाकल्या. दुपारी सगळ्यांनी पायऱ्यांवर बसून जेवण केलं. व्हर्नेटा सर्वांत वरच्या पायरीवर बसली. घरमालकीण तिथे बसते, असं सिस्टर अर्लीनने फर्मावलं होतं.

सोमवारी इन्स्पेक्टर आला. त्याने कठड्याला बोट लावलं. खाली वाकून मातीतली एक खपली उचलली, पिशवीत घातली. फोटो काढले.

"हे कुणी केलं?"

"आम्हीच," व्हर्नेटा अभिमानाने म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून."

तो बराच वेळ लिहीत राहिला.

गुरुवारी मिसेस कोवाचनी बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"जुन्या रंगात विषारी शिसं असतं, मिस पिटमन. परवाना असलेल्या माणसाशिवाय तो खरवडायचा नसतो. आणि सहीआधी काम सुरू झालं, तर या घरावर सरकारी पैसा लावताच येत नाही. कुणालाच."

"पण आम्ही काम नाही केलं. साफसफाई केली."

"मला माहीत आहे."

"मग तसं लिहा ना."

"लिहिलं. दोनदा वर फोनही केला. वरचे म्हणतात, रंग म्हणजे काम."

"मी तो रंग परत काढते."

मिसेस कोवाचनी डोळ्यांवर हात धरला. "नका. कृपा करून आता कशालाच हात लावू नका."

दुसरं घर? महिनाअखेरीला मदतीची मुदत संपत होती. तेवढ्यात नवं घर, नवी तपासणी हे शक्य नव्हतं. तिचा वाटा यादीतल्या, घराची तपासणी आधीच झालेल्या पुढच्या माणसाला जाणार होता.

"त्या खपल्या मातीत पडल्यात," व्हर्नेटा म्हणाली. "शेजारची पोरं तिथे खेळतात. निदान तेवढ्या उचलू द्या."

"घर अजून बँकेचं आहे. मी त्यांना पत्र पाठवते."

"ते उचलतील?"

मिसेस कोवाचनी फाइल मिटली. व्हर्नेटाने पर्स उचलली. दारात थांबून, सवयीने, त्यांचे आभार मानले.

ओडेल गाडीत थांबला होता. तिने त्याला सांगितलं. तो शिव्या देऊ लागला.

"सिस्टर अर्लीनला काय सांगणार?" त्याने विचारलं.

"खरं ते नाही सांगायचं. म्हातारी झोपायची नाही."

रविवारी प्रार्थना संपल्यावर बायकांनी तिला घेरलं. वास्तूचं जेवण कधी? पडदे कुठल्या रंगाचे?

"बँकेने शब्द फिरवला," व्हर्नेटा म्हणाली.

एकच गिल्ला झाला. बँकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. चर्चच्या दारात बोलू नये तेही बोलून झालं. ओडेल बाजूला आपल्या बुटांकडे बघत उभा होता.

सिस्टर अर्लीनने तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हातारीच्या नखांच्या कडेला अजून पांढरा रंग होता.

"मन खचू देऊ नकोस, बाळ. दुसरं घर मिळेल. मिळालं की मला आधी सांग, साहेबलोक यायच्या आत आम्ही ते लख्ख करून ठेवतो. ऐकलंस?"

"हो, सिस्टर," व्हर्नेटा म्हणाली.